सोळा की साडेसोळा

आर्डिथ मेब्री माणसाकडे नंतर बघते, आधी त्याच्या गाडीच्या चाकांकडे. रविवारी प्रार्थना संपली की बाकीच्या बायका चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहून एकमेकींच्या गुडघेदुखीची चौकशी करतात, आणि ही बाई आपला चांगला निळा झगा सावरून कुणाच्या तरी पिकअपच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली असते.

"काय गं, काही हरवलंय का?" गाडीची मालकीण विचारते.

"हरवलं नाही, सापडलंय. हा टायर दोन हजार तीन सालच्या एकोणिसाव्या आठवड्यातला आहे. तुझ्या धाकटीच्या लग्नाच्याही आधीचा."

"तिचा घटस्फोटसुद्धा झाला, आर्डिथ."

"तेच म्हणते मी. तिने नवरा बदलला, तू टायर कधी बदलणार?"

हसणारे हसतात, चिडणारे चिडतात, पण घरी जाऊन आपले टायर वाचतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हे आमच्या भागात आर्डिथने लोकांना शिकवलं. नक्षी कितीही खोल दिसू दे, रबर म्हातारं झालं की तडकतं, आणि तडकतं ते नेमकं उतारावर, मागे बैल लादलेला असताना.

आमच्या ओझार्कच्या डोंगरात पिकअपशिवाय ना गवत घरी येत, ना बकरी बाजारात जात. नवी गाडी परवडणारा दहांत एखादा. बाकीच्यांच्या गाड्या पंचवीस, तीस, चाळीस वर्षांच्या. इंजिन ठोकून-ठाकून चालवता येतं, दार दोरीने बांधता येतं, काच फुटली तर पुठ्ठा लावता येतो. चाकाचं मात्र तसं काही करता येत नाही. आणि जुन्या गाडीच्या चाकांचा नवा संच घ्यायला जावं तर त्याची किंमत गाडीच्या किमतीला मागे टाकते. आर्डिथच्या बाबतीत हेच झालं. तिची चौऱ्याण्णव सालची शेव्ही पिकअप घेऊन ती शहरातल्या दुकानात गेली, तिथल्या पोराने आकडा सांगितला, आणि तिने विचारलं, "यात गाडीपण मिळते का?"

तोवर तिला चाकांतलं फक्त वाजवून बघणं येत होतं. एकोणतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. रोज पहाटे बस काढण्याआधी दंडुक्याने सगळे टायर ठोकून बघायचे असा नियम. हवा पुरी असली की टायर टणटणीत वाजतो, कमी असली की भद्द वाजतो. निवृत्त झाल्यावरही हाताची सवय जाईना. दुकानासमोर उभ्या परक्या गाड्यांनाही ती जाता जाता टपली मारायची. नवरा गार्लंड होता तोवर दंडाला धरून तिला पुढे न्यायचा. तो गेला आणि तिला आवरणारं कुणी राहिलं नाही.

त्या दुकानातून ती तडक भंगाराच्या आवारात गेली. तीन आठवडे तिने एकामागून एक आवारं पालथी घातली. त्यात तिला कळलं की नव्याकोऱ्या पिकअपा घेणारी तरुण मंडळी पहिल्याच आठवड्यात कारखान्याची चाकं काढून चकचकीत चाकं बसवतात, आणि ती काढलेली, जेमतेम दोनशे मैल चाललेली चाकं कुठल्यातरी शेडमध्ये धूळ खात पडतात. कुणाची आई ती अडगळ एकदाची जावी म्हणून देवाला साकडं घालत असते. अशा आया आर्डिथने शोधून काढल्या. एकीकडून तिने शेव्हीसाठी चारही चाकं टायरांसकट आणली, तीही त्या बाईची माजघरातली शिडी दुरुस्त करून वर थोडेसे डॉलर देऊन.

मग काय, लोक विचारायला लागले. आर्डिथ, माझ्या डॉजला काय बसेल? आर्डिथ, हे घेऊ का? ती पैसे घ्यायची नाही. अंडी घ्यायची, पीचचा मुरांबा घ्यायची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे गाडीखाली सरपटायची परवानगी घ्यायची. तिला खरोखरच उत्सुकता असायची. पाच बोल्टच्या चाकात कुठलेही दोन बोल्ट समोरासमोर येत नाहीत, मग त्यांचं अंतर मोजायचं कसं, या प्रश्नावर तिने एकदा अख्खं प्रवचन घालवलं होतं. एका गाडीच्या पाच भोकांचं अंतर एका साली जरासं बदललं, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही कमी. एका गड्याने ती नवी चाकं जुन्या गाडीला घण मारून बसवली. दोन मैलांवर चाक गाडीच्या पुढे धावत गेलं, आणि गडी ते बघत बसला.

तेव्हापासून आर्डिथने आपली पद्धत काढली. चर्चच्या जेवणातल्या कागदी ताटल्या उरतात, त्या ती घरी नेते. गाडीचं चाक उतरवलं की उघड्या बोल्टांवर ताटली ठेवायची आणि तळहाताने दाबायची. बोल्ट ताटलीतून आरपार येतात आणि भोकांचा नकाशा तयार होतो. त्यावर गाडी आणि मालकाचं नाव. शेडच्या भिंतीवर तिने अशा शंभरावर ताटल्या खिळ्यांना टांगल्या आहेत. भंगारात चाक दिसलं की ताटली त्यावर ठेवायची. भोकावर भोक आलं तर चाक तुमचं. शहरातले शिकलेले मेकॅनिकसुद्धा ती भिंत बघायला येऊन गेले, आणि आर्डिथला त्याचा चांगलाच अभिमान होता. तिला तो शोभायचाही, खोटं कशाला बोला.

पण ताटली भोकं सांगते. ज्या लोखंडी रिमवर टायर चढतो ती किती इंचांची आहे हे ताटली सांगत नाही.

त्या ऑगस्टात पावसाने तोंड फिरवलं होतं. वरच्या कड्यावर राहणाऱ्या व्हर्लिन हॅकवर्थची विहीर जूनमध्येच कोरडी पडली. व्हर्लिन सत्तरीचा, बायको मॉडीन त्याच्याच वयाची, चाळीस बकऱ्या, आणि पलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी, ज्यांच्याकडे गाडीच नाही. या सगळ्यांचं पाणी व्हर्लिन आपल्या अठ्ठ्याहत्तर सालच्या शेव्हीवर तीनशे गॅलनची टाकी ठेवून खालून, गावच्या नळावरून आणायचा. एक दिवसाआड खेप. एका खेपेला मागचा टायर फुटला आणि उरलेल्या तीन टायरांचं आतलं कापड दिसायला लागलं.

त्याने आर्डिथला फोन केला. तिने शेडमध्ये जाऊन त्याची ताटली काढली. चार वर्षांपूर्वी चर्चच्या अंगणात त्याचं पंक्चर निघत असताना तिने ती घेतली होती.

"आठ बोल्ट, व्हर्लिन. सोळाची रिम. दहापदरी टायर बघ, वजन झेपायला हवं."

"सोळा नक्की ना?"

"नक्की म्हणजे? ताटली हातात आहे माझ्या."

"शनिवारी त्या मेलेल्या जमीनदाराच्या घरचा लिलाव आहे. तिथे टायर आहेत म्हणतात."

"सोळाचे असले तर डोळे मिटून घे," आर्डिथ म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली.

सोमवारी सकाळी ती लोनी प्रूइटच्या भंगाराच्या आवारात होती. कुणासाठी तरी आठ बोल्टच्या रिमा हव्या होत्या आणि तिने सगळा कोपरा न कोपरा बघितला, पण त्या आठवड्यात तशी एकही नव्हती. परत निघताना फाटकाशी चार झिजलेले टायर टाकलेले दिसले. सवयीने ती उकिडवी बसली.

"ते नका बघू, मिस आर्डिथ," लोनी ऑफिसच्या दारातून ओरडला. "ते मेलेत. व्हर्लिनने सकाळी मेव्हणीच्या गाडीतून आणून टाकले. स्वतःच पहारीने उपसून काढले म्हणे रिमांवरून."

"आणि नवे?"

"लिलावात मिळाले त्याला. चाळीस डॉलरला चारही! नक्षी अशी की बोट आत जातं. काय खूश होता. म्हणाला, आर्डिथ म्हणाली सोळा, आणि सोळाच मिळाले. दुकानात कशाला देऊ, घरीच चढवतो."

आर्डिथने टायरवरची माती अंगठ्याने पुसली. आकडे अर्धे घासलेले होते. तिने थुंकी लावून पुन्हा पुसलं आणि वाचलं. सोळा नव्हतं. साडेसोळा होतं.

तिने तो झटक्यासरशी बाजूला ढकलला. दुसरा टायर उलटला, तिसरा उलटला. सगळे साडेसोळा.

एका काळात जड कामाच्या पिकअपांना ही अर्ध्या इंचाची रिम यायची. पुढे ती बंद झाली आणि तिचे टायरही दुर्मिळ झाले. बोल्ट तेच आठ, अंतर तेच, म्हणून ताटलीवर दोन्ही सारख्याच दिसतात. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर जोर लावून चढतो, पण त्याचा काठ जागेवर बसत नाही. बसत नाही म्हणून माणूस आणखी हवा भरतो. मग काठाच्या आतली पोलादी तार तुटते आणि टायर फुटतो. असं करताना पूर्वी माणसं गेली आहेत. आर्डिथला हे सगळं माहीत होतं. चार लोकांत ती स्वतः ही गोष्ट सांगायची.

"तो किती वाजता गेला इथून?"

"झाला असेल एक तास. का हो?"

"त्याला फोन लाव. उचलेपर्यंत लावत राहा. त्याला सांग, हवा भरू नको, हात लावू नको, लांब जा."

"तो हवेचा कॉम्प्रेसर चालू असताना ऐकतोय थोडाच…"

ती तोवर गाडीत बसली होती.

अकरा मैलांचा रस्ता, त्यातले सहा खडीचे. एकोणतीस वर्षं मुलांना घेऊन हळू चालवलेला तोच रस्ता तिने त्या दिवशी असा कापला की मागे काय धुरळा उठला. सोळा आलं कुठून, हा प्रश्न तिचं डोकं खात होता. ताटलीवर तिच्याच अक्षरात सोळा लिहिलेलं होतं. रिमवर वाचून लिहिलं होतं का? आठवून बघितलं. नव्हतं. रिम गंजलेली होती, लोक जेवायला बोलवत होते, आणि आठ बोल्टच्या सगळ्या गाड्या सोळाच्याच असतात म्हणून तिने सोळा ठोकून दिलं होतं. दुसऱ्यांचे आकडे तपासत फिरणारी बाई, आणि आपला आकडा बघितला नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती गाडीत एकटीच मोठ्याने स्वतःला शिव्या देऊ लागली.

व्हर्लिनच्या अंगणात ती हॉर्न वाजवतच शिरली. मागच्या ओसरीवर कॉम्प्रेसर धडधडत होता. तिथून नळी अंगणभर पसरत ओकच्या सावलीत गेली होती, आणि सावलीत टायर आडवा पडलेला. व्हर्लिन त्यावर एक गुडघा टेकून वाकला होता, हातात रबरी हातोडा. पाच पावलांवर मॉडीन उलट्या बादलीवर बसून शेंगा सोलत होती.

"व्हर्लिन! बाजूला हो!"

त्याने मान वर केली, हसला, आणि हात वर करून 'थांब जरा' अशी खूण केली. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याला हॉर्नही ऐकू आला नव्हता आणि तिची हाकही.

आर्डिथ त्याच्याकडे धावली नाही. ती ओसरीवर धावली. कॉम्प्रेसरला जिथे नळी जोडलेली असते तिथलं पितळी कडं तिने मागे ओढलं आणि नळी खेचून काढली. नळीचं दुसरं टोक टायरच्या वॉल्वला चिमट्याने अडकवलेलं होतं. इकडचं टोक सुटताच टायरमधली हवा त्याच वाटेने उलटी फिरली, आणि नळी ओसरीवर फुसफुसत वळवळायला लागली. आर्डिथने खांब धरला. टायरची हवा पूर्ण जाईपर्यंत तिने तो सोडला नाही.

"अगं बाई, वेड लागलं का तुला?" व्हर्लिन उठला. "तासभर खपतोय मी! एक बाजू बसली होती, दुसरी बसायला आली होती. आणखी पाच पौंड, की टप्पकन बसली असती!"

"काटा किती होता?"

"पंचावन्न."

आर्डिथ ओसरीच्या पायरीवरच बसली. काठ बसवताना चाळीस पौंडांच्या वर जायचं नसतं.

"रिम साडेसोळाची आहे, व्हर्लिन."

"तूच तर सोळा म्हणालीस."

"चुकीचं सांगितलं मी."

व्हर्लिनने मॉडीनकडे बघितलं, आपण बरोबर ऐकलं ना म्हणून. मॉडीनचे हात शेंगांत थांबले होते. आर्डिथ मेब्री चाकांबद्दल चुकली, हे वाक्य या डोंगरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता ते तिच्याच तोंडून आलं होतं.

"बघून सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "अंदाजाने लिहिलं होतं."

"बरं, अर्ध्या इंचाचाच तर फरक आहे," व्हर्लिन थोड्या वेळाने म्हणाला. तिची कीव येऊन म्हणाला असावा. "रबर ताणतं की."

"रबर ताणतं. तार ताणत नाही. तारेचा ब्रश आण."

तिने रिमवरचा गंज वॉल्वच्या खाली घासला. पाच मिनिटांनी आकडे वर आले आणि व्हर्लिनने डोळे बारीक करून ते वाचले. मग दोघांनी पहारींनी टायर रिमवरून उपसला. आर्डिथने त्याचा काठ उलटा करून बोटाने चाचपत नेला आणि एके जागी थांबली. तिथलं रबर फाटलं होतं. आतून तारा बाहेर आल्या होत्या, एक तुटलेली, दुसरी वाकलेली. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत चांगली दोन ओळींची ताकीदही होती, साडेसोळाच्या रिमवर चढवू नये अशी. ती कुणीच वाचली नव्हती.

मॉडीन जवळ आली. तिने ती तुटलेली तार बोटाने एकदा दाबून बघितली. मग व्हर्लिनच्या गुडघ्याकडे बघितलं, मग आपल्या बादलीकडे. शेंगांचं भांडं उचलून ती घरात गेली, आणि जाळीचं दार मागे आपटलं.

"पाणी किती आहे टाकीत?" आर्डिथने विचारलं.

"वीतभर. संध्याकाळी खेप हवीच. त्या दोघी बहिणींकडे तर कालपासून…" व्हर्लिन थांबला. "लोनीकडे मिळतील का रिमा?"

"नाहीत. सकाळीच बघितलं." तिने आपल्या गाडीकडे मान वळवली. "माझी चाकं काढ. तीही आठ बोल्टचीच आहेत."

"काहीतरीच काय!"

"जॅक कुठे ठेवतोस?"

"आर्डिथ, आणि तू काय करशील?"

"घरी बसेन. मला कुणाला पाणी नाही पोचवायचं. जॅक."

व्हर्लिनने जॅक आणला, पण लगेच हात घातला नाही. तो जरा घुटमळला आणि मग जे विचारायचा त्याला हक्क होता ते त्याने विचारलं. "ही बसतील का?"

कालची गोष्ट असती तर ती नुसतं 'बसतील' म्हणाली असती आणि पुढच्या कामाला लागली असती. "मला वाटतं बसतील," ती म्हणाली. "बघायला लागेल."

त्यांनी बघितलं. चाक हाताने चढवलं, आसाचं पुढे आलेलं टोक, म्हणजे हब, मधल्या भोकातून आरपार येतं का ते पाहिलं, बोटं घालून ब्रेकपाशी जागा चाचपली, चाक गरगर फिरवून कान लावला. बसत होतं. प्रत्येक चाक चढवण्याआधी आर्डिथने त्याची रिम घासून व्हर्लिनला मोठ्याने वाचायला लावलं. "सोळा," तो म्हणायचा. "टायर?" ती विचारायची. "टायरपण सोळा." चार चाकं, आठ वेळा सोळा. दुपार कलली तेव्हा व्हर्लिनची शेव्ही आर्डिथच्या चाकांवर उभी होती आणि आर्डिथची ओकच्या ठोकळ्यांवर.

पाण्याला खाली जाताना त्याने तिला घरी सोडलं. तिला कळत होतं की लोनीला माहीत आहे, मॉडीनला माहीत आहे, आणि बुधवारच्या प्रार्थनेपर्यंत सगळ्यांना कळेल. कळू दे. तिने ते लपवलं नसतंच. पण आता कोण विचारायला येणार, आणि का यावं, हे तिला कुसळासारखं खुपत राहिलं. उतरताना ती म्हणाली, "तुझं काही झालं असतं तर, व्हर्लिन…" त्याने टोपीला हात लावला आणि गाडी पुढे नेली.

सकाळी कॉफी उकळत असताना फोन वाजला.

"व्हर्लिन बोलतोय. मॉडीनच्या बहिणीच्या डॉजचा एक टायर गेलाय. पाच बोल्टचं चाक आहे. काय बसेल त्याला?"

आर्डिथला क्षणभर वाटलं तो चेष्टा करतोय. पण व्हर्लिनला चेष्टा करता येत नाही, तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

"तू मला विचारतोयस?" ती म्हणाली.

"मग आणखी कुणाला विचारू?"

भिंतीवर त्या डॉजची ताटली असणार होती, आकड्यासकट. ती शेडकडे गेली नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "बघावं लागेल."

"मग ये बघायला."

"कशी येऊ? माझी चाकं तुझ्या गाडीला आहेत."

मग व्हर्लिन हॅकवर्थ, जो गेल्या वीस वर्षांत कुणाच्या ऐकण्यात मोठ्याने हसला नव्हता, फोनवर खोकल्यासारखा हसायला लागला.

"थांब," तो म्हणाला. "येतो न्यायला."